तळघराची दुसरी नोकरी

विज्ञान शाखेच्या जुन्या इमारतीत सगळ्यांत स्थिर डोक्याचं कुणी असेल, तर ते तळघर. वर तास भरतात, दारं आपटतात, पोरं व्हरांड्यातून धावत सुटतात. हे खाली आपलं जाड अंग सावरून बसलेलं. खिडकी जवळजवळ नाहीच. असली तर छताला टेकलेली, वीतभर उंचीची, जिच्यातून बाहेरचं जग फक्त घोट्यापर्यंत दिसतं. बोलणं कमी, आवाज पोटात घालायची सवय मोठी. ते स्वतःहून कुणाच्या वाटेत येत नाही. ओळख करून घ्यायची तर आपल्यालाच जिना उतरावा लागतो.

त्याला खाली बसवलं ते मान देऊन. रस्त्यावरून ट्रक गेला की वरच्या मजल्याची फरशी थरथरते आणि प्रकाशलहरींच्या मापात मोजणारं उपकरण चुकायला लागतं. जमिनीच्या पोटात ही थरथर बरीच कमी होते. उन्हाचा रोजचा चढउतार मातीत फार तर हात-दोन हात उतरतो. त्यामुळे बाहेर दुपार झाली हे तळघराला कळतही नाही. अंधार हवा तेव्हा दिवा मालवला की झालं. गॅमा किरणांचं किंवा न्यूट्रॉनचं काम असेल, तर भोवतालची माती आयतं कवच होते. उमेदीच्या काळात त्याच्याकडे सोपवलेली कामं अशी होती: नाजूक, एकांताची, महिनोन् महिने चालणारी. त्याने ती धीराने केली.

त्याच्या कुळात मोठं नाव कोलारचं. तिथल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांच्यासोबत उपकरणं मांडली. वरच्या खडकाने बाकीचे बहुतेक वैश्विक किरण अडवले आणि १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे सापडल्या. जगातल्या अशा पहिल्या नोंदींमध्ये ही नोंद मोजली जाते. पुढे प्रोटॉनचा क्षय शोधणारा प्रयोगही तिथेच चालला. २००१ साली खाण बंद पडली, पंप थांबले आणि खालचे थर पाण्याखाली गेले. काम संपलेल्या भूमिगत जागेची माणसाने विचारपूस केली नाही, तर पाणी करतं.

विद्यापीठातल्या तळघराच्या वाट्याला इतका मोठा शेवट येत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात, उपकरण जुनं होतं, नवीन यंत्र वातानुकूलित खोलीत वरच्या मजल्यावर येतं. मग खाली एक मोडकी खुर्ची ठेवली जाते. तिच्यामागे कपाटं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गेल्या संमेलनाचे फलक. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरावं लागतं. इतकी वर्षं उन्हाचा रोजचा चढउतार आत न येऊ देणाऱ्याला आपण ‘अडगळीची खोली’ म्हणू लागतो. मला याचं वाईट वाटतं, कारण त्याचा एकही गुण संपलेला नसतो. संपलेली असते ती पहिली नोकरी.

त्याचं देखभालीचं वर्कशॉप करा, असं मी म्हणतो ते दयेपोटी नाही. जागेचा स्वभाव त्या कामाशी जुळतो म्हणून. लेथ, शेपर, खांबाचं ड्रिल ही वजनदार माणसं. वरच्या मजल्यावर त्यांना बसवायचं तर स्लॅबची ताकद तपासावी लागते. जमिनीवर टेकलेल्या फरशीवर ती निवांत पाय रोवतात, आणि पाया घट्ट असला की कापही सरळ येतो. ग्राइंडरचा कर्कश आवाज मातीतच जिरतो. शिवाय पोलाद एका अंशाच्या तापमानवाढीला मीटरमागे साधारण बारा मायक्रॉन वाढतं. मायक्रोमीटर घेऊन बसलेल्या टर्नरला हा फरक छळतो. म्हणून तर कारखानदारीच्या जगात लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात. जो थंड धीर एकेकाळी वर्णपटमापकाला मिळाला, तोच आता शाफ्टच्या मापाला मिळेल.

आणि विद्यापीठाला वर्कशॉपची गरज केवढी असते! पंपाचं बेअरिंग जातं, पंख्याची मोटर जळते, प्रयोगशाळेतल्या निर्वात पंपाचं सील गळतं, वसतिगृहाचे नळ, वर्गांची बाकं, कुलपं, बिजागऱ्या. बाहेरच्या दुरुस्तीची निविदा निघेपर्यंत प्रयोग सहा-सहा महिने खोळंबतो. खाली एक फिटर, एक वायरमन आणि मोटर वाइंडिंग येणारा एक माणूस असला, तर तोच पंप दोन दिवसांत फिरायला लागतो. ज्या विद्यार्थ्याने आपलं उपकरण उघडलेलं पाहिलं, तो ते पुढे जास्त समजून वापरतो.

पण तळघराच्या स्वभावात एक गोष्ट आहे, ती आधीच सांगायला हवी. ते विसरत नाही. कधीकाळी फुटलेल्या दाबमापकातला पारा फरशीच्या भेगेत वर्षानुवर्षं बसून राहतो आणि हळूहळू वाफ सोडतो. मोरीच्या नळात आम्लांचे थर असतात. कोपऱ्यातल्या शिशाच्या डब्यात किरणोत्सारी स्रोत असू शकतो, आणि त्याची नोंद ठेवणारे सर केव्हाच निवृत्त झालेले असतात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं एक गॅमा उपकरण २०१० साली भंगाराच्या लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण किरणांनी आजारी पडले. त्यांच्यापैकी कुणीच प्रयोगशाळेत काम करणारं नव्हतं. म्हणून पहिलं काम रंगकाम नव्हे. आधी यादी, मग किरणोत्साराची मोजणी, मग पाऱ्याची तपासणी. किरणोत्सारी स्रोत असेल तर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनी त्याची रवानगी, कागदावर सही-शिक्क्यासह. त्यानंतरच पहिला बेंच व्हाइस आत यावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ती आम्हा गोंदियाकडच्या माणसांना वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्या नागरा गावाभोवती धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत फावड्याने चार टोपल्या माती काढली की खड्ड्यात पाणी दिसतं. भिंत कितीही जाड असो, पावसाळ्यात माती तिच्यावर पाणी टेकवून उभी राहते आणि वाट शोधते. अशा मुलखात तळघराला मशिनं द्यायची तर बाहेरून जलरोधक थर, फरशीखाली निचऱ्याची चर, कोपऱ्यात खड्डा आणि त्यात आपोआप सुरू होणारा पंप हवा. वीज गेली तर चालणारा दुसरा पंपही. विजेचे बोर्ड छातीच्या उंचीवर, आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर प्रत्येक बोर्डावर.

तिसरी गोष्ट हवेची. आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड, सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हे सगळे हवेपेक्षा जड. सांडले की खालीच साचतात, आणि तिथेच माणूस उभा असतो. म्हणून सिलिंडर वर, उघड्यावर. वेल्डिंगच्या टेबलाशी धूर ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट. आणि ताजी हवा आत आणणारी वेगळी वाट. जिने दोन, विरुद्ध टोकांना. जड मोटर खांद्यावरून उतरवायची वेळ येऊ नये म्हणून उतार किंवा चेनपुली.

ज्यांना या अपेक्षा अवाजवी वाटतात त्यांनी मुंबईच्या मलबार हिलवरचं राज्यपालांचं निवासस्थान आठवावं. तिथे ऑगस्ट २०१६ मध्ये ब्रिटिशकाळातलं एक भुयार उघडलं, आत तेरा खोल्या. तोफगोळ्यांची कोठारं, काडतुसांची खोली, पंपाची खोली आणि त्यांतच एक वर्कशॉप, तशी नावं लिहिलेली. एवढ्या जुन्या बांधकामातही पाण्याच्या निचऱ्याची आणि बाहेरची हवा आत येण्याची सोय केलेली होती. २०१९ साली त्याचं संग्रहालय झालं, म्हणजे त्यालाही दुसरी नोकरी मिळाली. जागेचं काम बदलणं आपल्याला नवीन नाहीच. पुणे विद्यापीठाने १९४९ मध्ये गणेशखिंडीत संसार मांडला तो गव्हर्नरांच्या जुन्या निवासातच.

शेवटची अट तळघराच्या वतीने मीच घालतो. देखभालीची माणसं खालची, म्हणून त्यांना खालची जागा, असा हिशेब कुणी करत असेल तर हे तळघर बंदच राहिलेलं बरं. १९४८च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगाराला किमान १४.२ घनमीटर जागा ठरवली होती, आणि ती मोजताना ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही असंही सांगितलं होतं. तो कायदा आपल्याला लागू होता का हे विद्यापीठाने शोधत बसू नये. हा आकडा किमान म्हणून घ्यावा आणि त्याच्या पुढे जावं. न्यूट्रॉन मोजणाऱ्या प्राध्यापकासाठी जी हवा, जो उजेड, जो कोरडेपणा इथे राखला होता, तोच मोटर गुंडाळणाऱ्या माणसासाठी राखा. यंत्र चालतं ठेवणं हा विद्येचाच भाग आहे. तळघराने दोघांना सारखंच वागवलं असतं. तेवढं आपल्याला जमलं पाहिजे.