फुकटची विद्या आणि चाकाची खुर्ची

मराठी माणसाला 'फुकट' या शब्दाचा जेवढा मोह आहे, तेवढाच त्याचा संशय आहे. फुकट मिळालेलं कॅलेंडर तो भिंतीवर लावतो, फुकट मिळालेला सल्ला ताबडतोब दुसऱ्याला देऊन टाकतो, पण कुणी 'फुकट शिकवतो' म्हटलं, की तो डोळे बारीक करून विचारतो, "ह्यात त्यांचं काय?"

आमच्या घरी हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला. मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरवलं, आणि तेही एक पै न देता, हे ऐकून ती म्हणाली, "अहो, बघा हं. आधी फुकट शिकवतील आणि शेवटी पाण्याचं मशीन गळ्यात मारतील."

पाण्याचं मशीन निघालं नाही. फ्रीकोडकॅम्प नावाचा हा उद्योग क्विन्सी लार्सन या गृहस्थाने 2014 साली अमेरिकेत सुरू केला. गृहस्थ मूळचे मास्तर. शाळा चालवता चालवता तिशी उलटल्यावर प्रोग्रॅमिंग शिकले, आणि आपल्याला जे धडपडत शिकावं लागलं ते इतरांना सरळ वाटेनं मिळावं म्हणून धर्मादाय संस्थाच काढून बसले. (आपल्याकडे तिशी उलटलेला मास्तर क्लास काढतो.) पण मला आवडली ती त्यांची सुरुवातीच्या वर्षांतली अट. आधी बाराशे तासांचा अभ्यास, आणि मग आठशे तास धर्मादाय संस्थांसाठी खरीखुरी कामं करून द्यायची. शिकणाऱ्याला खरं काम हवं असतं आणि ते त्याला कुणी देत नाही. संस्थेला प्रोग्रॅम हवा असतो आणि तिच्याकडे पैसे नसतात. दोन गरजूंचं हे लग्न लावून देण्यात मोठी अक्कल होती. पुढे अभ्यासक्रम बदलत गेला आणि हा आठशे तासांचा टप्पा त्यातून गेला; पण मी जुन्या वळणाचा माणूस, मी जुनीच अट स्वतःला लावून घेतली. रोज दीड तास धरला, तर दोन हजार तास फिटायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात. म्हणजे एका बऱ्यापैकी वाहनकर्जाची मुदत. वाहन मात्र नाही.

मी बँकेत कारकून आहे. 2024 पासून आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण पासबुक छापून मागणाऱ्या आजोबांना अजून ते कळलेलं नाही. शिक्षण बी.कॉम. या शिक्षणाचा जावास्क्रिप्ट या भाषेशी पहिल्याच आठवड्यात खटका उडाला. ह्या भाषेत जानेवारी हा शून्यावा महिना. डिसेंबर अकरावा. बरं, शून्यापासून मोजायचं तर तारखाही शून्यापासून मोजा! पण नाही, तारीख एकपासून. म्हणजे प्रजासत्ताक दिन शून्याव्या महिन्याच्या सव्वीस तारखेला. हे मी निमूट गिळलं. पण पुढे शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज सांग म्हटल्यावर त्या यंत्रानं शून्य पूर्णांक तीनच्या पुढे पंधरा शून्यं लिहून शेवटी एक चार लिहिला, तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. एका पैशाचा फरक सापडेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस मी!

"बाबा, त्याला दहावा भाग नेमका लिहिताच येत नाही," संगणकाच्या इंजिनिअरिंगला असलेल्या चिरंजीवांनी सांगितलं. "आपण दहाला तिनाने भागताना तीन तीन तीन लिहीत बसतो ना, तसं." उपायही त्यानंच सांगितला: रुपये विसरायचे, सगळा हिशेब पैशांत आणि पूर्ण आकड्यांत ठेवायचा. भारत सरकारनं व्यवहारातून हाकललेला पैसा माझ्या प्रोग्रॅममध्ये असा पुन्हा चलनात आला.

अभ्यास एकदाचा पुढे सरकला आणि संस्था शोधायची वेळ आली. इथे मन जरा कचरलं. दाढी करायला शिकणाऱ्यानं आपला हात कुणाच्या गालावर बसवायचा? जो पैसे देऊ शकत नाही त्याच्या? हे काही बरं दिसत नाही. आणि हे नुसतं माझ्या मनाचं नव्हतं. डोंबिवलीत आमच्या घराजवळ रुग्णांना लागणाऱ्या वस्तू नेऊ देणारं एक केंद्र आहे. चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, डोकं वर होणारी खाट, पाण्याची गादी, प्राणवायूचं यंत्र. अनामत ठेवायची, रोजचं नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की परत आणायचं. ते केंद्र चालवणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकांसमोर मी माझा हेतू मांडला. त्यांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट केलं. त्यावर भरतकामाचं आच्छादन होतं आणि आच्छादनावर पावतीपुस्तकांची चळत.

"एका कॉलेजची मुलं येऊन गेली. प्रोग्रॅम बसवला, फोटो काढला, माझ्याकडून प्रमाणपत्र घेतलं. छान मुलं होती. एक जर्मनीला आहे म्हणतात. पासवर्ड बहुधा त्याच्याबरोबर गेला."

"मी कुठे जाणार नाही, काका. फार तर माझी बदली होईल."

"बसा मग," असं म्हणून त्यांनी लांब, लाल कापडी पाठीची वही माझ्यापुढे सरकवली.

सहा शनिवार मी ती वही वाचत होतो. दिनांक, नाव, पत्ता, वस्तू, अनामत, परत. रकाने सरळ होते आणि रकान्यांचा प्रोग्रॅम माझ्यासारख्यालाही जमत होता. नावांनी थोडा त्रास दिला. 'ज्योत्स्ना' हे नाव आपल्या तोंडाला दोन अक्षरांचं, पण यंत्र त्यातलं काना, मात्रा, हलन्त सुटं करून दहा मोजतं. पण खरी अडचण रकान्यांत नव्हतीच. ती समासात होती. काही नावांपुढे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

"काका, हे काय?"

"पेशंट गेला."

मी मान हलवली आणि माझी नवी विद्या पुढे केली. मुदत संपली की यंत्र आपणहून संदेश पाठवील: आपल्याकडील चाकाची खुर्ची त्वरित परत करावी.

"बँकेत असंच करता?"

"हो."

"तरीच तुम्हाला कुणी पेढे आणून देत नाही." काका चष्मा पुसत म्हणाले, "टिंब पडलं की चौदाव्या दिवसापर्यंत फोन करायचा नाही. वस्तू येते हो परत. मुलगा घेऊन येतो, खुर्ची पुसून आणतो, आणि इथेच बसून अर्धा तास वडिलांबद्दल बोलतो. घरात बोलायला कुणी उसंत दिलेली नसते. ते तुमच्या यंत्रात कुठे बसवता बघा."

आता हे टिंब यंत्राला कळणार कसं? काकांना ते भाजीवाल्याकडून कळतं, स्मशानातून परतणाऱ्या मंडळींकडून कळतं, कधी बंद दारासमोरच्या चपलांच्या गर्दीवरून कळतं. बाराशे तासांच्या अभ्यासात यावर धडा नाही. शेवटी असं केलं, की यंत्रानं कुणालाही काही पाठवायचंच नाही. दर सोमवारी त्यानं काकांपुरती एक यादी काढायची, टिंबवाली नावं चौदा दिवस त्या यादीतून आपली आपण गाळायची, आणि फोन काकांनीच करायचा. टिंब देण्यासाठी पडद्यावर एक बटण ठेवलं. त्याच्यावर काय लिहावं ह्याचा मी आठवडाभर विचार केला. 'मृत' लिहवेना, 'कैलासवासी' म्हणावं तर सगळेच कुठे कैलासाला जातात? सध्या त्या बटणावर नुसतं टिंब आहे.

दुसरी अडचण अनामतीची. मधूनच एखाद्या नावापुढे अनामत शून्य. शून्यासमोर शेरा नसला की बी.कॉम. झालेल्या माणसाला झोप लागत नाही. मी 'सवलतीचं कारण' असा एक रकाना उघडला. काकांनी तो बंद करायला लावला.

"कारण मला माहीत आहे, तेवढं पुरे."

"पण काका, उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी बसला तर?"

"म्हणूनच नको. उद्या ह्या खुर्चीवर त्याच घरातला मुलगा येऊन बसेल. मागची नोंद उघडून त्यानं वाचायचं, की आपल्या आईला फुकट दिलं होतं म्हणून?"

मी तेवीस वर्षं लोकांच्या पैशांच्या नोंदी करतो आहे. कमी नोंदवणं हीसुद्धा एक नोंदवण्याची पद्धत असते, हे मला सांगायला फ्रीकोडकॅम्पमध्ये कुणी नव्हतं आणि बँकेत तर नव्हतंच नव्हतं.

प्रोग्रॅम आता चौदा महिने चालू आहे. चिरंजीवांनी तो आतून बघितला आणि विचारलं, "बाबा, हे चालतं कसं?" मी म्हटलं, "हळू." पण चालतं. कुठली खाट कुठे आहे, प्राणवायूचं यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे आता काकांना दुपारची झोप मोडून आठवावं लागत नाही. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई तो चालवायला शिकल्या. त्यांच्यासाठी मी शंभर पानी वहीत सगळं मराठीत लिहून ठेवलं आहे, आणि पासवर्ड लाखबंद पाकिटात घालून खजिनदारांच्या घरी ठेवला आहे. बँकेत तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या अशाच दुसऱ्या शाखेत ठेवतात. काकांची लाल वही चालूच आहे. दर शनिवारी यंत्रातली यादी छापून ते तिच्यात डकवतात, कडेनं नीट दाबतात, आणि मग एखाद्या नावापुढे पेन्सिलीनं टिंब देतात. यंत्रात दिलेलं असलं तरी देतात.

परवा आमच्या सोसायटीचे चेअरमन घरी आले. चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणे धर्मादाय संस्थांची कामं करून कॉम्प्युटर शिकता. मग आपल्या मेंटेनन्सच्या थकबाकीचं करून टाका की! तुमचेही आठशे तास भरतील."

"पण आपली सोसायटी धर्मादाय नाही."

"गेल्या वर्षीचा ताळेबंद वाचलाय का तुम्ही?" चेअरमन बशीत चहा ओतत म्हणाले.