कर्नाळ्याला या, पण किल्ला राहू दे

पनवेल,
२४ नोव्हेंबर

चि. मीनल हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, पोरांना झेपेल असं एखादं जंगल सांग, वाघबिघ नको, पण काहीतरी दिसायला हवं." मी कुकर उतरवता उतरवता 'कर्नाळा' म्हणून मोकळी झाले. मागाहून वाटलं, नीट लिहून कळवावं, नाहीतर आम्ही केलं तेच तुम्हीही कराल.

तुझा दादा सात वर्षांचा होता तेव्हा त्याला मी थेट किल्ल्यावर नेलं होतं. अर्ध्या चढावर त्याने बसकण मारली. मी ओढत, चिडत, लिमलेटच्या गोळ्या देत त्याला वर पोचवलं. वर तो अंगठ्यासारखा सुळका आणि त्याला लटकलेली आग्या मोहोळं. आवाज करू नको, हलू नको, म्हणून पुन्हा त्यालाच दटावलं. पक्ष्यांच्या अभयारण्यातून आम्ही एकही पक्षी न पाहता घरी आलो. अजूनही कर्नाळा म्हटलं की त्याला पोटरीत आलेला गोळा तेवढा आठवतो.

तर किल्ला राहू दे. पोरांना गोष्ट हवीच असेल तर वाटेत शिरढोण लागतं तिथे सांग. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार. एवढी पुरे.

पनवेलहून कर्नाळा जेमतेम १२ किलोमीटर. पेण-अलिबागकडची एसटी फाटकाजवळ सोडते. आत मोरटाका आणि हरियाल अशा दोन पायवाटा आहेत. मोरटाका लांबची, ती मोठ्यांसाठी. धाकट्याला घेऊन हरियालच बरी, फिरून परत फाटकाशी यायचं. आधीच सांगते, सुरुवातीला हिरमोड होईल. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे ट्रकचे हॉर्न बराच वेळ पाठ सोडत नाहीत. थोडं आत गेलं, झाडी दाटली, की कान निवतात.

आणि मग चालायचं नाही. थांबायचं. पाणी साचलेला ओहोळ, एखादं उंबराचं झाड, असं काही बघून वीस मिनिटं बूड टेकायचं. पहिली दहा मिनिटं काही म्हणजे काही दिसणार नाही. थोरली कंटाळेल, धाकटा चपलेने माती उकरेल. उकरू दे. या जंगलातले पक्षी पुष्कळदा टोळीने हिंडतात, किडे टिपत झाडामागून झाड घेतात. जंगल ओस पडल्यासारखं वाटतं आणि एकदम डोक्यावरच्या फांद्या बोलायला लागतात. गेल्या रविवारी आधी बुलबुल आले, मग निखार, केशरी ठिणग्या उडाव्यात तसे. त्यांच्या मागोमाग भृंगराज. हा काळाकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांची पानं. बाकीच्यांच्या धांदलीत उडालेले किडे हा हवेतच गट्टम करतो, शिवाय दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. मला आधी सर्पगरुडाची शीळ वाटली, मान वर करकरून शोधला, तर हेच महाशय! पाच मिनिटांत सगळी वरात पुढे गेली. आम्ही चालत असतो तर फक्त मागचं पुढचं पान हललेलं दिसलं असतं.

सलीम अली याच रस्त्याने पुढे, किहीमला, सुगरणींची वसाहत निरखत असेच तासन् तास बसले होते. नर अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडलं तरच संसार थाटतात आणि मग तो ते पुरं करतो. पुढे लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हे बसून राहिल्याशिवाय कुणाला कळलं असतं? (थोरलीला ही दुसरी बायको आत्ताच सांगू नकोस.)

पोरांची नजर आपल्यापेक्षा खाली असते, हे मला फार उशिरा कळलं. पाच वर्षांच्याला दुर्बीण देऊन उपयोग नाही, तो झाडाऐवजी ढगच बघत बसतो. त्याला वाटेच्या कडेची जाळी दाखव. पावसाळ्यानंतर इथे मोठाले वनकोळी असतात. मादी तळहाताएवढी, जाळ्याचा धागा उन्हात सोन्यासारखा पिवळा. त्याच जाळ्यात कोपऱ्याला एक किरकोळ तांबूस ठिपका दिसेल. तो तिचा नवरा.

हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी. त्याच्या नावाच्या वाटेवर तो भेटेलच असं मात्र नाही. हिरवा रंग पानांत असा मुरतो की उंबराखाली फळं टपटपायला लागली की मगच वर बघायचं. हळदी रंगाचे पाय दिसले, की तोच.

खाऊ पिशवीतच ठेवा, माकडं पुडीचा नुसता आवाज ओळखतात. फाटकावर प्लॅस्टिकची नोंद करतात, तेव्हा बाटल्या मोजक्याच आणा. सेंट-अत्तर नको, मोहोळं आहेत.

जूनमध्ये पुन्हा या. पावसाबरोबर तिबोटी खंड्या येतो, ओहोळाच्या काठात बीळ खणून घर करतो. रायगड जिल्ह्याचा हा मानाचा पक्षी जेमतेम बोटभर लांब, पण रंग असे की होळी झक मारेल. मात्र त्याच्या बिळाजवळ मोठमोठे कॅमेरे घेऊन घोळका जमतो, त्यात आपण उभं राहायचं नाही. चोचीत सरडा धरून आलेला खंड्या बिळात शिरायला धजत नाही आणि आत पिल्लं उपाशी. लांबून उडताना दिसला तर दिसला.

रविवारी येऊ नका, सहलींच्या बसेस येतात. शनिवारी सकाळी लवकर निघा. तिखटमिठाच्या पुऱ्या मी करून आणते. ऊन चढायच्या आत, साडेदहापर्यंत आपण बाहेर. धाकट्याचे ते चालताना चूं-चूं वाजणारे बूट मात्र घरी ठेव.

तुझी,
आत्या