शासन निर्णयाखालची सही

गेल्या साली आमच्या धाकटीची शिष्यवृत्ती अडली. वस्तीतले म्हणाले, "आमदारसाहेबांना गाठा." साहेबांनी पत्र दिले. पण आमदार कायदा करतो, सरकारला जाब विचारतो. पैसे सोडण्याची सही त्याची नसते. हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही.

मग आम्ही शासन निर्णय मिळवून वाचला. शेवटी लिहिलेले : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही उपसचिवांची. राज्यपालांनी तो कागद पाहिलाही नसेल! संविधानाच्या १६६व्या कलमाप्रमाणे कारभार त्यांच्या नावाने चालतो, निर्णय मात्र मंत्र्यांचा. मुख्यमंत्री राज्यपाल नेमतात, बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. आणि सारे मंत्रिमंडळ मिळून २८८ जणांच्या विधानसभेला जबाबदार. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हेच सांगितले होते : स्थैर्यापेक्षा जबाबदारी मोठी. २००३ च्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३. तरी खात्यांची ओढाताण काही थांबत नाही.

मंत्री बदलतात, सचिव बदलतात, टेबल तिथेच राहते. अर्ज मंत्रालयात नव्हताच. कॉलेजनेच तो पुढे पाठवला नव्हता. आम्ही शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख घालून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. "कुणी पाठवलं तुम्हाला?" कारकुनाने विचारले. आम्ही कागद पुढे केला.

दीड महिन्याने पैसे जमा झाले. शेजारच्या दोघी मुलींचे अजून अडलेत. सोमवारी त्यांच्या आईला घेऊन जाणार आहोत.