कुठे उतरणार?

डोंबिवलीकराला शोधण्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही. सकाळच्या गाडीत तो कसाबसा शिरतो, समोरच्या बाकाकडे पाहतो आणि एकच प्रश्न टाकतो, "कुठे?" कुणी "ठाणे" म्हणाला, की ती जागा याच्या नावावर लागली. ना पावती, ना सही! पण बघा, तो विचारतो फक्त समोरच्या बाकाला. बाराही डब्यांतल्या प्रत्येक उतारूची चौकशी करीत बसला, तर दादर निघून जायचे आणि हा आपला उभाच.

आमचा कॉम्प्युटर नेमके हेच करीत होता. सुरू केला, की अर्धा तास त्याच्या पोटात कुरकुर. "नवा घ्या," असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला. चिरंजीवांनी अनुमोदन दिले. खर्चाचा विषय निघताच सभेने माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात शेजारचा कॉलेजकुमार आला. टास्क मॅनेजर उघडून म्हणाला, "काका, हा इंडेक्सिंग करतोय."

इंडेक्सिंग म्हणजे यादी. कोणता शब्द कोणत्या फाइलीत, हे आधीच टिपून ठेवायचे, म्हणजे शोधताना सगळे कपाट उपसायला नको. 2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोज हे न सांगताच करते. हेतू उत्तम! ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना 1893 सालची; तिथे यादी नसेल तर वाचकच हरवेल. पण यादी ग्रंथांची असते, रद्दीची नव्हे. आमच्या चिरंजीवांनी मात्र 'चांगले ते घ्यावे' म्हणून सेटिंगमध्ये 'एनहान्स्ड' निवडले होते. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरची खानेसुमारी!

कॉलेजकुमाराने ते 'क्लासिक' केले. आता यादी फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढ्यांची. जुन्या पेनड्राइव्हवरून उतरवलेला पसाराही त्याने वगळला.

"अजिबातच बंद केले तर?" मी विचारले.

"करता येतं. पण मग प्रत्येक शोधाला वेळ लागेल. खरं तर तुमची डिस्क जुनी, फिरणारी आहे. एसएसडी बसवलीत तर एवढं जाणवणारच नाही."

कुरकुर थांबली. नव्या कॉम्प्युटरचा ठराव तूर्त तहकूब झाला.

घरातला दुसरा इंडेक्स मात्र अबाधित आहे. पासबुक कुठे, छत्री कुठे, याचे उत्तर फोडणी करपू न देता स्वयंपाकघरातून येते. त्यात लग्नापासूनची माझी सगळी विधानेही तारीखवार आहेत. तो 'एनहान्स्ड'च आहे. 'क्लासिक'वर आणायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.