गुडघ्यांतील उरलेला पदर

आमची पुतणी खोखो खेळते, हें घरांतील वडीलधाऱ्यांस कधींच फारसें रुचलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं पुण्यास एका सामन्यांत खांबापाशीं वळतांना तिचें पाऊल जमिनीवर रुतून राहिलें, शरीर मात्र फिरलें, आणि गुडघ्यांत ‘खट्’ असा आवाज झाला. रात्रीपर्यंत गुडघा चांगलाच सुजला. वहिनींनीं आंबेहळदीचा लेप घातला. पंधरा दिवसांत सूज उतरली. पुढें एमआरआय काढला, त्यांत गुडघ्याच्या आंतला बंध ‘अंशतः’ फाटला असल्याचें निघालें. हा ‘अंशतः’ शब्द आम्हां सर्वांस फार सोईचा वाटला! प्रथम ज्या डॉक्टरांस दाखविलें त्यांनीं व्यायाम सांगितले. त्यांत त्यांची चूक होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पुष्कळांचें तेवढ्यानें भागतें. चूक झाली ती आमची. “काका, जिना उतरतांना गुडघा निसटतो,” असें ती वारंवार सांगे, आणि आम्ही तिला मन घट्ट करण्याचा उपदेश करीत असूं. नऊ महिन्यांनीं ती त्याच जिन्यावर, हातांत ताटें असतांना, पडली.

उपदेश करण्यापूर्वीं जें समजून घ्यावयास पाहिजे होतें, तें आम्हीं त्यानंतर समजून घेतलें. मांडीचें हाड व नडगीचें हाड यांस सांध्याच्या आंतून बांधणारे दोन बंध फुलीसारखे एकमेकांवरून जातात. त्यांतील पुढचा तो एसीएल. तो दिसावयास एक दोर, पण आंतून दोन पदरांचा. एक पदर गुडघा दुमडला असतां ताणला जातो. दुसरा पाय सरळ होत आला म्हणजे, आणि गिरकी आंवरण्याचें काम विशेषेंकरून याच दुसऱ्याकडे असतें. हा एवढाच तुटला, तर डॉक्टरांनीं नडगी पुढें ओढून पाहतांना ती बरीचशी अडते, आणि तरीहि माणूस वळला कीं सांधा दगा देतो. पुतणीचें गाऱ्हाणें मनाचें नव्हतें, गुडघ्याचेंच होतें.

मग तुटलेला पदर आपोआप कां जुळत नाहीं? बोट कापलें तर रक्त गोठून त्या गाठीच्या आधारानें जखम भरते. सांध्यांतील वंगणाच्या द्रवांत ती गाठ टिकत नाहीं, व तुटलेलीं टोकें तशींच राहतात. तीं टाके घालून जोडण्याचा विचार जुना आहे. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनीं १८९५ सालीं एका खाणकामगाराच्या गुडघ्यांत तें केलें होतें. परंतु अमेरिकेंतील सैनिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर केलेली अशी दुरुस्ती पांच वर्षांनीं पुष्कळ ठिकाणीं निकामी ठरली, असें फीगिन व कर्ल यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें मांडीच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा नवा बंध घालण्याची रीत रूढ झाली. जुन्याचें जें उरलें असेल तें, धड असो वा फाटकें, कातरून जागा साफ करीत.

त्या कातरलेल्या भागांत काय जात होतें? मनुष्याच्या या बंधांत ताण जाणणारीं मज्जातंतूंचीं टोकें असतात, हें १९८४ सालीं दाखविलें गेलें. गुडघा कोठें, किती वळला आहे याची वार्ता त्यांच्याद्वारें पोंचते. रक्तवाहिन्याहि त्यांतच. म्हणून आतां कित्येक शल्यवैद्य धड पदर राखून तुटलेल्याच्याच जागीं नवा घालतात. यानें निकाल हटकून अधिक चांगला लागतो, असें मात्र निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय राखलेलें अति झालें तर पुढच्या बाजूस त्याचा गोळा होऊन पाय पुरता सरळ होत नाहीं. त्या गोळ्यास ग्रीक पुराणांतील एका डोळ्याच्या राक्षसाचें, सायक्लॉप्सचें, नांव पडलें आहे. वैद्यांसहि काव्य सुचतें म्हणावयाचें!

आमचे दुसरे डॉक्टर स्पष्टवक्ते निघाले. “उरलेला पदर कामाचा आहे, कीं नुसता चिकटून बसला आहे, हें दुर्बीण आंत घालून आंकड्यानें ओढून पाहिल्यावांचून मी सांगणार नाहीं. कामाचा असला तर ठेवीन. नसला तर सारा बंध नवा.” म्हणजे संमतिपत्रावर दोन शस्त्रक्रिया, आणि होणार कोणती तें मुलगी भुलेखालीं असतांना ठरणार! आम्हांस हें मुळींच पसंत पडेना. थोरले दादा तर तिसऱ्या डॉक्टरांचा पत्ता काढूं लागले. तेव्हां पुतणी म्हणाली, “काका, सही मला करायची आहे. निदान हे पाहतों तरी म्हणताहेत.” यावर आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं.

पदर धड निघाला. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं आंतलें चित्र दाखविलें: जुना पदर पांढरा, तकतकीत, व त्याला टेकून मांडीच्या मागून घेतलेली बारीकशी कंडरा. नऊ महिने व्यायाम झाले. ती मांडी घालून पंक्तीस बसूं लागली तें सहाव्या महिन्यांत. खोखोचें अद्याप ठरलेलें नाहीं. तें तीच ठरवील.

परवां दसऱ्यास ती ताटें घेऊन जिना उतरली. आम्ही खालीं उभे होतों. कठडा धर, असें शब्द ओठांपर्यंत आले होते. ते तसेच गिळून आम्ही पाट मांडावयास गेलों.