दे दान, सुटे गिराण

विज्ञान सोपं करून लोकांपर्यंत न्या, असं आपल्या प्रत्येक शिबिरात कुणीतरी म्हणतं. ठराव होतो, चहा होतो. दोस्तांनो, मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेची भांडी विसळली, तारा जोडून दिल्या. सोपं करणं मला अवघड वाटत नाही. दिवा म्हणजे सूर्य, मोसंबी म्हणजे पृथ्वी, बोर म्हणजे चंद्र. बोर मधी आलं की मोसंबीवर सावली पडते. झालं सूर्यग्रहण. पाच मिनिटांचं काम. पण ज्याच्या डोक्यात हे घालायचं त्याच्या डोक्यात आधीच कोण बसलंय, ते कुणी बघत नाही.

माझी आज्जी पैठणकडची. गिराण लागलं की टोपलं घेऊन गावात शिरायची आन् वरडायची, "दे दान, सुटे गिराण!" दान काय, तर फाटकं लुगडं, मूठभर जोंधळे. का, तर राहू-केतू म्हणे आमच्याच जातीचे. महारामांगाला दान दिलं की ते गिळलेला सूर्य सोडतात. भाकर चोरल्याचा आळ आमच्यावर नेहमीचाच. हा तर अख्खा सूर्य चोरल्याचा! 1956 नंतर बापानं टोपलं बंद केलं. आज्जी म्हणायची, "टोपलं बंद केलं ते बेस केलं, पर गिराण काय बंद व्हतंय?"

आणि गंमत बघा. ग्रहण सावलीनं होतं हे आर्यभटानं 499 साली लिहून ठेवलंय. पंचांगवाल्यालाही गणित येत होतं. नाहीतर स्पर्श किती वाजता, मोक्ष किती वाजता हे मिनिटासकट कसं सांगणार? गणित पोथीत राहिलं आणि राहू आमच्या पदरात पडला. म्हणून आपल्या वस्तीत नुसती सावली सांगून भागत नाही. ही वाटणीही सांगावी लागते.

25 ऑक्टोबर 2022. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार होता. आमच्या औरंगाबादेत भीमनगरच्या गल्लीत एक पोरगी सातव्या महिन्यात. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि पोरगी सकाळपासून आतल्या खोलीत. चिरायचं नाही, टोचायचं नाही, घोटभर पाणी नाही. तिची सासू मला म्हणाली, "भाऊ, उद्या लेकराचा ओठ फाटका निघाला तर तुमी शिवून देनार का?"

या प्रश्नाला हसू नका. आपले कार्यकर्ते नेमके इथंच हसतात आणि दार बंद होतं. मी म्हणालो, "अक्का, पोटातल्या लेकराचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. हिचं लेकरू उन्हाळ्यातच ते काम उरकून बसलंय. आणि ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरातही तशी लेकरं जन्मतातच की."

पण दुसरंही सांगितलं. सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघायचं नाही. सुतक खोटं, डोळ्याची भीती खरी. डोळ्याच्या आतला पडदा जळतो तेव्हा दुखत नाही, म्हणून कळतच नाही. "काही होत नाही, बिनधास्त बघा" असं स्टेजवरून वरडणारा आपला माणूसही अडाणीच.

मग खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दाभण. भोकं त्या पोरीनंच पाडली. भोकाभोकांनी अक्षरं लिहिली, जयभीम. पाचच्या पुढं पुठ्ठा उन्हात धरला, दोन पावलांवर पांढरी भिंत. प्रत्येक भोकातून एकेक सूर्य भिंतीवर उतरला, आणि हरेकाचा लचका तोडलेला. भाकरीतून चतकोर काढावा तसा. गल्ली गोळा झाली. अक्का म्हणाली, "आँ, समद्याच सूर्यांला लागलं व्हय?" सूर्य एकच. बारक्या भोकाचा आकार कसाही असो, भिंतीवर छबी सूर्याचीच पडते. लिंबाखाली एरवी जे गोल कवडसे पडतात तेही सूर्याचेच फोटो. आपण रोज तुडवतो.

एका शाळकरी पोरानं विचारलं, "मंग दर आमुशाला का नाय?" शाब्बास. चंद्राची वाट पाचेक अंशांनी तिरकी आहे. बहुतेक अमावस्यांना त्याची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. ह्या उत्तरासाठी मोसंबी-बोर परत काढावं लागलं.

तेवढ्यात त्या पोरीनं भाकर खाल्ली. अक्कानं बघितलं, काही बोलली नाही. रात्री घर मात्र तिनं धुतलंच.

शहरात एमजीएमचं खगोल केंद्र आहे, चांगलं आहे. पण आतल्या खोलीत बसवलेली बाई तिथवर जात नाही.

2 ऑगस्ट 2027, सोमवार. दुपारनंतर आपल्याकडं खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग असतील. सूर्य दिसो न दिसो, आतल्या खोल्या भरणारच. प्रत्येक वस्तीला दोघं लागतील, त्यात एक बाई पाहिजेच. पुठ्ठे तुम्ही गोळा करा. दाभणं माझ्याकडं आहेत.