पन्नासच्या वर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला २००५ साली, तोही कुणाचा तरी जुना. मुलगा तेव्हा नववीत होता. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या त्या यंत्रावर आठवड्यातच 'वॉरक्राफ्ट थ्री' नावाचा खेळ आला आणि रोज संध्याकाळी घरात तलवारींचा खणखणाट सुरू झाला. मी दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडायला गेलो तो खुर्ची ओढून बसलोच, कारण पडद्याच्या वरच्या बाजूला मला हिशेब दिसला. दुकानात खातेवही लिहिण्यात ज्याची उमर गेली त्याला तो दिसणारच.

ब्लिझर्ड कंपनीचा हा खेळ २००२ सालचा. 'द फ्रोझन थ्रोन' हा त्याचा पुढचा भाग २००३ मध्ये आला. मुलगा तोच खेळायचा. माणसं, ऑर्क, नाइट एल्फ आणि मेलेल्यांची फौज, अशा चार बाजू. बुद्धिबळासारखी इथे पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू कामाला लागलेला असतो. मजूर खाणीतून सोनं आणतात, रानातून लाकूड तोडतात, त्यावर घरं आणि सैनिक उभे करायचे. एका खाणीला पाच मजूर पुरतात, सहावा नुसता ताटकळतो. साधा पायदळ सैनिक १३५ सोन्याला पडतो आणि अन्नाच्या खात्यात दोन घेतो.

मुलाचं धोरण एकच, फौज वाढवायची. तरी तो हरायचा. एकदा मी विचारलं, "अरे, मजूर मघाशी दहा सोनं आणत होता, आता सातच का?" त्यालाही ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं की अन्नाचा आकडा पन्नासपर्यंत असेल तर प्रत्येक खेपेला दहा मिळतात, पन्नासच्या वर गेला की सात आणि ऐंशीच्या वर चार. याला 'अपकीप' म्हणतात. लाकडाला ही कात्री नाही, फक्त सोन्याला.

दुसरी गोष्ट सायबर कॅफेतल्या एका पोराने सांगितली. कॉम्प्युटरशी लढताना ईझी, नॉर्मल आणि इन्सेन अशा तीन पातळ्या असतात. मुलाला वाटायचं, इन्सेनवर कॉम्प्युटरला जास्त अक्कल येते. तसं नाही, त्याचे मजूर प्रत्येक खेपेला दुप्पट माल आणतात. मला ऐकून जरा बरं वाटलं. दुप्पट पगाराच्या शेजाऱ्याशी बरोबरी करताना दमछाक व्हायचीच.

मग आम्ही दोघांनी डाव बदलला. पन्नासला थांबायचं, नायकाला रानातल्या राक्षसांशी लढवून तयार करायचं, गावाभोवती बुरूज बांधायचे, कारण बुरूज अन्न खात नाहीत. सोनं साठलं की मगच, चढाईच्या तोंडावर, पन्नास ओलांडायचे. चौथ्या रात्री मुलगा इन्सेनला जिंकला.

त्याच सुमारास वडगावात माझ्या धाकट्या भावाचे दोन्ही यंत्रमाग बंद पडले. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो आमच्याकडे राहायला आला. चाराचे आठ झालो. महिनाअखेरीला मी वही काढायचो आणि कुणी आलं की मिटायचो.

एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, आपलं घर आता हाय अपकीपमध्ये गेलं ना?"

"सुम्न कूडो!" बायको म्हणाली. ती धारवाडची, रागावली की कन्नडच येतं.

पण भावाने विचारलं, "म्हणजे काय रे ते?" पोराने हौसेने सगळं समजावलं. दहा, सात, चार. भाऊ घास हातात धरून ऐकत होता. "मग जास्तीच्या सैनिकांचं काय करायचं?"

"लढायला पाठवायचे, काका. मेले की परत दहा मिळतात."

पुढे कुणी काही बोललं नाही. ताक वाढताना वहिनीचा हात हलत होता. महिन्याभरात भाऊ इचलकरंजीला गेला, दुसऱ्याच्या मागावर कामाला. तिथे मजुरी बरी मिळते म्हणाला. असेलही. मी तेव्हा 'राहा' म्हणालो, पण एकदाच म्हणालो. हे आज लिहितानाही बोचतं.

२०२० मध्ये हा खेळ नव्या रूपात आला. मुलगा आता बंगळूरला नोकरीत आहे. गेल्या दिवाळीला भावाकडचे सगळे आले होते. रात्री मुलाने लॅपटॉप उघडला आणि चुलतभावंडं भोवती गोळा झाली. माझा भाऊ मागे खुर्चीवर चष्मा सावरत बसला होता.

"किती झाले रे?" त्याने विचारलं.

"अठ्ठेचाळीस, काका."

"मग अजून एक मावतो की."